मुदतवाढ

खोली सोडायची नोटीस हातात पडल्यावर त्या बाईने पहिला प्रश्न विचारला तो असा: त्या दिवशी वार कोणता येतो? जायचं कुठे, आम्हीच का, हे प्रश्न मागाहून आले. आधी वार. शनिवार-रविवार असेल तर मुलाची शाळा बुडणार नाही आणि नर्सिंग होममधली शिफ्ट बदलून मागावी लागणार नाही, एवढाच तिचा हिशेब. मॅसॅच्युसेट्समधल्या हायवेलगतच्या एका मोटेलची लॉबी, तिथे पाहुणे येणं केव्हाच बंद झालेलं, सगळ्या मजल्यांवर सरकारने ठेवलेली बेघर कुटुंबं. केसवर्करने, म्हणजे कुटुंबाचं प्रकरण सांभाळणाऱ्या कर्मचारी बाईने, फोनवर कॅलेंडर उघडलं. बुधवार निघाला. बाईने मान हलवली आणि नोटिशीची घडी घालून ती मुलाच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. ‘वार कोणता’ हे काही डोक्यातून जाईना. कारण या साऱ्या व्यवस्थेत मुदत महिन्यांत मोजतात, मुदतवाढ दिवसांत मोजतात, आणि ज्यांना निघायचं असतं ते मात्र वारांत मोजतात.

या राज्याचं वेगळेपण असं की मुलंबाळं असलेल्या बेघर कुटुंबाला आणि गरोदर बाईला छप्पर द्यायचंच, असं इथला कायदा १९८३ पासून सांगत आला. मायकल डुकाकिस तेव्हा गव्हर्नर होते. संपूर्ण राज्याला लागू असलेला असा हक्क अमेरिकेत दुसऱ्या कुठल्या राज्यात नाही. २०२४ पर्यंत पात्र कुटुंबाला घर लागेपर्यंत राहता येत असे, आणि घर लागायला सरासरी वर्षाहून जास्त वेळ जात असे. मग २०२३ साल आलं. हैतीहून आणि इतर देशांतून कुटुंबं येत राहिली, इथली भाडी आधीच आभाळाला टेकलेली होती. त्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर मोरा हीली यांनी आणीबाणी जाहीर केली, शरद ऋतूत ७,५०० कुटुंबांची कमाल मर्यादा घातली, आणि छपराचा हक्क असलेल्या राज्यात त्या हक्कासाठी प्रतीक्षा यादी सुरू झाली. लोक बॉस्टनच्या लोगन विमानतळावर रात्री काढू लागले. जुलै २०२४ मध्ये तेही बंद केलं.

मुदत आली ती एप्रिल २०२४ च्या कायद्याने: नऊ महिने. आपल्याकडे नऊ महिने म्हटलं की पुढे नऊ दिवस आपोआप जोडले जातात, इथे पुढे ९० दिवसांची मुदतवाढ जोडलेली होती, जास्तीत जास्त दोनदा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नऊचे सहा झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत एकूण कुटुंबं ४,००० वर आणायची असं ठरलं. मुदतवाढीची जागा ‘हार्डशिप वेव्हर’ने घेतली, म्हणजे आपल्या अडचणी कागदावर सिद्ध करा, मग पाहू. मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ पासून, मुख्य शेल्टरमध्ये जागा नसलेल्यांसाठीच्या तात्पुरत्या ओव्हरफ्लो केंद्रांत मुक्काम कामकाजाच्या पाच दिवसांवर आणला होता. शिवाय तिथे राहायचं पत्करलं तर मुख्य शेल्टरमध्ये किमान सहा महिने जागा नाही, अशी अट. पाच दिवसांचं छप्पर घ्यायचं की सहा महिन्यांची आशा राखायची, हा निर्णय कुटुंबाने लहान मूल कडेवर घेऊन काउंटरशी उभ्याउभ्या घ्यायचा. त्या डिसेंबरात पाचाचे तीस झाले.

२०२५ पर्यंत वापरात असलेली मोटेलची ती खोली एकदा नीट बघावी. दोन डबल बेड, मध्ये एक स्टँड, टीव्हीखालच्या कपाटात छोटा फ्रिज, वर मायक्रोवेव्ह. शेगडी नाही, लावायची परवानगीही नाही. जेवण बाहेरून येतं, प्लॅस्टिकच्या डब्यात, ठरलेल्या वेळी. एक वर्षाच्या मुलाला वरणभाताची पेज करून घालावी तसं काही करायचं तर मायक्रोवेव्ह आणि कागदी कप. बेडच्या खालची जागा बंद केलेली असते, म्हणून बॅगा भिंतीला लावून छातीपर्यंत रचतात. सगळ्यात वर येते कागदांची फाइल, ती सतत लागते. फाइलीत जन्मदाखले, सोशल सिक्युरिटीची पत्रं, लसीकरणाची नोंद, पगाराच्या शेवटच्या चार-पाच पावत्या, आधीच्या घरमालकाचं पत्र, कोर्टाचा कागद असला तर तो. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. या खोलीतलं आयुष्य नेमकं कशाने भरलेलं असतं असं कुणी विचारलं, तर मी या फाइलीकडे बोट दाखवीन. खोली रिकामी करायच्या दिवशी बॅगा एकवेळ विसरतील, फाइल विसरणार नाहीत.

आता मुदतीच्या आत करायचं काय, तर घर शोधायचं. हे वाक्य बोलायला सोपं आहे. राज्याची ‘होमबेस’ नावाची मदत आहे: २०२४ मध्ये ती दोन वर्षांत मिळून ३०,००० डॉलरपर्यंत होती. यातून पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडं, एका महिन्याचं डिपॉझिट, थोडं फर्निचर आणि मग दरमहा भाड्याचा काही भाग द्यायचा. रक्कम ऐकून डोळे विस्फारतात, पण २४ ने भागून पाहा: महिन्याला १,२५०. बॉस्टन परिसरात दोन बेडरूमचं घर २,५०० च्या खाली सहजी मिळत नाही. राज्यातलं किमान वेतन तासाला १५ डॉलर, आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे साधारण २,६००, तेही कर कापायच्या आधी. आणि बहुतेक घरमालक म्हणतात, भाड्याच्या तिप्पट उत्पन्न दाखवा. म्हणजे ७,५००. या तीन आकड्यांत जी दरी आहे ती नऊ महिन्यांत भरत नाही, सहा महिन्यांतही भरत नाही, आणि दोन वर्षांनी होमबेस संपल्यावर ती तशीच उघडी पडते. घरमालकालाही हे गणित येतं. तो पहिल्या वर्षाबद्दल काही विचारत नाही, तिसऱ्या वर्षी काय करणार हे विचारतो.

तरी पैशाचं एक वेळ समजू शकतं. जास्त खुपतं ते वेळेचं. मुदत कुटुंबाच्या नावावर चालते, पण त्या मुदतीतला मोठा हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर खर्च होतो. आश्रयाचा अर्ज केलेल्या माणसाला कामाचा परवाना मागता येत असे तो अर्ज दिल्यापासून १५० दिवसांनी, आणि मिळू शकत असे १८० दिवस झाल्यावर. सहा महिन्यांची मुदत आणि सहा महिन्यांची बंदी, दोन्ही एकाच कुटुंबावर, एक राज्याची, एक केंद्राची. परोलवर (देशात तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी) किंवा टीपीएसवर (संकटग्रस्त देशांच्या लोकांना तात्पुरतं संरक्षण) असलेल्यांना लगेच अर्ज करता येई, म्हणून एकाच मजल्यावरच्या दोन शेजारणींपैकी एकीला नोकरी लागलेली आणि दुसरी नुसती बसून, यात कर्तबगारीचा काही संबंध नसतो. फक्त त्यांच्या कागदांवरची अक्षरं वेगळी असतात.

ज्यांना सेक्शन आठचं व्हाउचर, म्हणजे भाड्याचा मोठा हिस्सा केंद्राच्या पैशातून भरणारी चिठ्ठी, मिळालं त्यांची कथा निराळी. व्हाउचर हाती आलं की ते वापरून घर शोधायला किमान ६० दिवस द्यावेत असा केंद्राचा नियम आहे, आणि पुढची वाढ स्थानिक प्राधिकरणाच्या मर्जीवर. म्हणजे मुदतीच्या आत आणखी एक मुदत. घर मिळालंच तर आधी त्याचं इन्स्पेक्शन. खिडकी उघडत नाही, जिन्याला कठडा नाही, धुराचा अलार्म वाजत नाही, एवढ्यावर घर नापास होतं. मालक दुरुस्ती करतो, पुन्हा तारीख मागायची, पुन्हा थांबायचं. तोवर मालकाकडे सॉफ्टवेअर कंपनीतलं जोडपं येऊन गेलेलं असतं, ज्यांना इन्स्पेक्शन लागत नाही. व्हाउचर आहे म्हणून नाकारणं या राज्यात बेकायदा आहे. पण ‘आज सकाळीच गेलं हो घर’ म्हणणं बेकायदा नाही.

आणि शिसं! ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना सांगितली तर खरी वाटत नाही. १९७८ च्या आधीच्या घरांत भिंतींच्या रंगात शिसं असण्याचा संभव असतो. सहा वर्षांखालचं मूल राहायला येणार असेल तर ते शिसं काढण्याची किंवा बंदिस्त करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कायदा मुलांच्या मेंदूची काळजी करणारा आहे, त्यात काही वाईट नाही. पण बॉस्टन, वूस्टर, ब्रॉक्टन, लिन या गावांतली तीन मजली लाकडी घरं बहुतेक त्याच्या आधीची, आणि स्वस्त भाडी त्याच घरांत. काम करवून घ्यायला खर्च हजारो डॉलरचा, म्हणून मालक फोनवर सहज विचारल्यासारखं विचारतो: मुलं किती वर्षांची? असं विचारून नाकारणंही बेकायदाच. तरी उत्तर ‘तीन’ आलं की पुढचा फोन येत नाही. शेल्टरमध्ये जागा मिळते ती लहान मूल आहे म्हणून. बाहेर घर मिळत नाही तेही त्याच मुलामुळे.

भाड्याच्या बाजाराचं स्वतःचं पंचांग आहे, ते कुणी कायद्यात लिहिलेलं नाही. बॉस्टनमध्ये कॉलेजांमुळे भाडेकरारांचा मोठा हिस्सा १ सप्टेंबरला सुरू होतो. त्या दिवशी रस्तोरस्ती गाद्या आणि सोफे पडलेले असतात आणि ट्रक पुलाखाली अडकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. वसंतात जाहिराती, उन्हाळ्यात सह्या, सप्टेंबरला मुक्काम. ज्या कुटुंबाची मुदत फेब्रुवारीत संपते त्याने जानेवारीत काय शोधायचं? घरं तेव्हा जवळपास नसतातच. मुदतवाढीच्या अर्जात मात्र ‘सप्टेंबर अजून लांब आहे’ असं कारण लिहायला रकाना नव्हता.

रकाने कोणते होते ते सांगायला हवं, कारण यादी करणाऱ्यांनी विचार केलेला दिसतो. नऊ महिन्यांच्या कायद्यात मुदतवाढीसाठी नोकरी असणं, कामाचं प्रशिक्षण चालू असणं, गर्भारपण किंवा नुकतं बाळंतपण, अपंगत्व किंवा आजार, माजी सैनिक असणं, घरच्या हिंसाचाराचा धोका, अशी कारणं धरली होती. वाचताना वाटतं, यातून सुटणार कोण? सुटतो तो, ज्याचं कारण खरं आहे पण कागद कच्चा आहे. रोख मजुरीवर बर्फ उपसणाऱ्या, घरं साफ करणाऱ्या माणसाकडे पगाराची पावती नसते. नोकरी सुटून पंधरा दिवस झालेल्या बाईची पावती जुनी असते, आणि तिलाच तर वाढ सगळ्यात जास्त हवी. डॉक्टरचं पत्र ‘ही माझी पेशंट आहे’ एवढंच म्हणत असेल तर ते फुकट जातं. आजार कोणता, किती काळ चालेल, आणि आत्ता हलवलं तर नेमकं काय बिघडेल, या तिन्ही गोष्टी त्या पत्रात लागतात. क्लिनिकमध्ये हे पत्र लिहिणारा निवासी डॉक्टर दर काही आठवड्यांनी बदलतो. शहाणे केसवर्कर स्वतःच मसुदा टाइप करून देतात आणि फक्त सही मागतात. अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये, कारण एखादा कागद परत आला तर तो नव्याने मिळवायला तेवढेच दिवस लागतात. शेल्टरमध्ये हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

थोडी बेरीज. नऊ महिने, तीन, आणि तीन: पंधरा. मुदत नव्हती तेव्हाचा सरासरी मुक्काम वर्षाच्या पुढेच होता. मग कायद्याने बदललं काय? पूर्वी माणसं तितकाच काळ राहत आणि घराची वाट पाहत, आता तितकाच काळ राहताना नऊ महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी आपण पात्र आहोत हे सिद्ध करत राहिली. सहा महिन्यांचा नियम आल्यावर तर ही बेरीजही उरली नाही.

पण एवढंच लिहून थांबलं तर ते एकांगी होईल. विमानतळाच्या फरशीवर अंथरूण टाकलेली आई आणि पंधरा महिने मोटेलमध्ये असलेली आई या दोघींत निवड करायची वेळ आली तर प्रत्येक मुदतवाढ म्हणजे कुणाची तरी आणखी एक रात्र बाहेर. हे कारण खोटं नाही. मुदत असली की दोन्ही बाजू हलतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. घराचा शोध ‘पुढच्या महिन्यात बघू’वर जात नाही, आणि केसवर्करची फाइलही खालून वर येते. तारीख नसली की काय होतं, हे पाहायला मुंबईकराला लांब जावं लागत नाही. दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, उपकरप्राप्त इमारत धोकादायक ठरली, ती रिकामी करण्याची पालिकेची कलम ३५४ ची नोटीस लागली, की गिरगावातलं, काळबादेवीतलं कुटुंब म्हाडाच्या संक्रमण शिबिरात जायचं, प्रतीक्षानगरला, मालवणीला, गोरेगावला. काही वर्षांसाठी म्हणून. तिथे लग्नं झाली, नातवंडं झाली, मूळ इमारतीचा भूखंड अरुंद निघाला म्हणून पुनर्बांधणी झालीच नाही, आणि बृहतसूचीत, म्हणजे कायमचं घर द्यायच्या रहिवाशांच्या यादीत, नाव लागायची वाट पाहत म्हातारी माणसं गेली. त्या खोल्या मधल्या मध्ये विकल्याही गेल्या, मग कोण मूळ रहिवासी, कोण कुलमुखत्यारपत्रावर आलेला आणि कोण घुसखोर, याची वर्गवारी करायला सरकारला बसावं लागलं. तिकडे तारीख कुणी घातली नाही, इकडे बुधवारपर्यंत घातली. घरं बांधण्याचं काम दोन्हीकडे सारखंच मागे पडलेलं.

न्यूयॉर्क शहराने तिसरा मार्ग काढला. नव्याने आलेल्या स्थलांतरित कुटुंबांना ६० दिवस, मग खोली सोडायची आणि पुन्हा रूझवेल्ट हॉटेलच्या केंद्रात जाऊन नवा अर्ज टाकायचा. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन थंडीत, पहिली कुटुंबं बॅगा ओढत निघाली. शहर म्हणत होतं की आम्ही कुणाला रस्त्यावर टाकत नाही, फक्त पुन्हा रांगेत उभं करतो. दुसरी खोली मिळायची, कधी दुसऱ्या बरोमध्ये, म्हणजे शहराच्या दुसऱ्या विभागात. मुलाची शाळा ब्रुकलिनला, खोली क्वीन्सला. मॅकिनी-व्हेंटो नावाच्या १९८७ च्या केंद्रीय कायद्याने बेघर मुलाला आधीच्याच शाळेत राहण्याचा आणि तिथवर पोचवून घेण्याचा हक्क आहे, पण दोन सबवे बदलून पहाटे निघणारा सात वर्षांचा मुलगा तो हक्क किती दिवस वापरील?

इथल्या मराठी मंडळींना भाड्याच्या घराची ही परीक्षा अगदीच अपरिचित नाही. एच-वन-बीवर नवी आलेली जोडपी कंपनीने दिलेल्या हॉटेलमध्ये ३० दिवस काढतात, क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून अपार्टमेंटवाला नकार देतो, मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणी को-साइन करेल का’ असा निरोप फिरतो. तिसाचे चाळीस दिवस लागले तर मॅनेजरला एक ईमेल पुरते. उत्तर त्याच दिवशी येतं, शेवटी ‘होप यू आर सेटलिंग इन’ असं लिहिलेलं. तेच राज्य, तेच ब्रोकर, तोच अर्जाचा नमुना. फरक ऑफर लेटरचा, आणि मुदतवाढ मागितली तर चारित्र्याबद्दल कुणी शंका घेत नाही याचा.

मुदत संपली की कुटुंबं जातात कुठे? फुटपाथवर फार थोडी. बहुतेक जण नात्यातल्या, गावातल्या कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत. दोन बेडरूमच्या घरात आठ माणसं, मालकाला न सांगता, कारण करारात चौघांचीच नावं आहेत. शेल्टरच्या नोंदीत हे कुटुंब ‘बाहेर पडलं’. शाळेच्या नोंदीत त्यांचं मूल अजून बेघरच आहे, कारण मॅकिनी-व्हेंटो दुसऱ्याच्या घरात नाइलाजाने राहणाऱ्या मुलालाही बेघर धरतो. घरखात्याच्या व्याख्येत ते सहजी बसत नाही, डोक्यावर छप्पर आहे ना. काही महिन्यांनी तिथूनही निघावं लागलं आणि पुन्हा अर्ज करायची वेळ आली, तर आसरा देणाऱ्याचं पत्र मागतात: हे लोक माझ्याकडे अमुक तारखेपासून होते आणि आता राहू शकत नाहीत, खाली सही आणि फोन नंबर. सही करायला नातलग कचरतो. असं पत्र सरकारी फाइलीत गेलं आणि उद्या मालकाच्या कानावर गेलं, तर नोटीस त्याच्या दाराला लागेल. मग केसवर्कर संध्याकाळी त्याला फोन करून समजावत बसते की हे पत्र मालकाकडे जात नाही, आणि तो ऐकून घेतो, हो म्हणतो, आणि सोमवारी पाठवतो असं सांगतो.